क्रिकेटच्या नोंदी, वेब सर्च आणि पक्ष्यांचे फोटो: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

क्विझची तयारी करणारे, नुकताच कॅमेरा घेतलेले आणि "शोधून शोधून दमलो, काहीच सापडत नाही" म्हणणारे, अशी तीन प्रकारची मंडळी मला वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून ते सगळे इथे एकत्र लिहून काढलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे नुसता नंबर दिलाय, तो बघा.

१. क्रिकेट, सर्च इंजिन आणि पक्षी, हे तीन छंद एकत्र आले कसे?

मला हे तीन वेगळे छंद वाटतच नाहीत. तिन्हीकडे काम एकच, प्रश्न नेमका करायचा. "सगळ्यात जास्त ॲव्हरेज कोणाचं" हा अर्धाच प्रश्न झाला, कसोटीत की वनडेत, पुरुषांचं की बायकांचं, किमान किती डाव, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. "हा कुठला पक्षी" हासुद्धा अर्धाच, महिना आणि जागा कळल्याशिवाय. आणि सर्चच्या चौकोनात अर्धा प्रश्न टाकला की अर्धवटच उत्तर येतं. शिवाय १९९० मध्ये आर्ची नावाचं पहिलं इंटरनेट सर्च इंजिन ज्यांनी बनवलं ते ॲलन एमटेज मूळचे बार्बाडोसचे, म्हणजे वेस्ट इंडीजच्या महान क्रिकेटपटू गॅरी सोबर्सच्या बेटावरचे, हे कळलं त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो.

२. क्रिकेट ट्रिव्हिया सुरू कुठून करू? सगळे आकडे पाठ करावे लागतात का?

पाठ काहीच करू नका, स्कोअरकार्ड वाचा. एक घ्यायचं आणि गोष्ट वाचतो तसं वरपासून खालपर्यंत वाचायचं. १८७७ ची मेलबर्नची पहिली कसोटी घ्या. चार्ल्स बॅनरमननी १६५ केले, बोटाला लागलं म्हणून ते परत गेले, आणि ऑस्ट्रेलियाची सगळी टीम मिळून २४५, म्हणजे दोन तृतीयांश रन्स एकट्याचे. ऑस्ट्रेलिया ४५ रन्सनी जिंकली. आता त्याच मैदानावरची १९७७ ची शताब्दी कसोटी काढा, तिथेही ऑस्ट्रेलियाच आणि तिथेही ४५ रन्सनीच. किंवा डिसेंबर १९७९ ची पर्थ कसोटी बघा, लिली कॉट विली बोल्ड डिली, आणि त्याच मॅचमध्ये लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. असं वाचलं की आकडा गोष्टीला चिकटून येतो, मग तो विसरत नाही.

३. ब्रॅडमनचं ९९.९४ नक्की येतं कसं? चार रन्स कमी पडले ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. ५२ कसोटी, ८० डाव, त्यातले १० नाबाद, म्हणजे भागायचं ७० ने. रन्स ६९९६. १९४८ ला ओव्हलवर शेवटच्या डावात एरिक हॉलिसनी शून्यावर बोल्ड केलं, तिथे ४ निघाले असते तर ७००० भागिले ७०, बरोबर १००. पण मला ह्यातला दुसरा हिशोब जास्त आवडतो. त्या डावात एकही रन न काढता ते नुसते नाबाद राहिले असते तर? मग भागायचं ६९ ने आणि उत्तर येतं १०१.३९. म्हणजे कमी चार रन्स पडले हे खरं, पण नाबाद राहिले असते तर ते चार लागलेही नसते. क्विझमध्ये हा प्रश्न टाकून बघा, गणितात हुशार असणारेही क्षणभर थांबतात.

४. मग कसोटीत सगळ्यात जास्त सरासरी ब्रॅडमनचीच, नाही का?

अट घातली तरच. वेस्ट इंडीजचे अँडी गँटोम १९४८ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये इंग्लंडविरुद्ध खेळले, एकच कसोटी, एकच डाव, ११२ रन्स, आणि परत कधी टीममध्ये आलेच नाहीत, त्यामुळे सरासरी कायमची ११२. ऑस्ट्रेलियाचा कर्टिस पॅटरसन २०१९ मध्ये दोन कसोटी खेळला, ३० आणि नाबाद ११४, एकदाच आउट, म्हणून १४४. हे आकडे खोटे नाहीत, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहेत. "किमान २० डाव" एवढे शब्द घातले की ब्रॅडमन वर येतात आणि त्यांच्या आसपासही कोणी नसतं. प्रश्न काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ते शब्द गाळू नका.

५. वनडेतलं पहिलं द्विशतक सचिनचं, बरोबर?

पुरुषांच्या वनडेत बरोबर, २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००. पण नुसतं "वनडेतलं पहिलं" विचारलं तर उत्तर बेलिंडा क्लार्क. ऑस्ट्रेलियाच्या ह्या कॅप्टननी १६ डिसेंबर १९९७ ला वर्ल्ड कपमध्ये डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केले, आणि तेही मुंबईत. हे मला एका क्विझमध्ये शाळेतल्या एका मुलीनी सांगितलं. प्रश्न मी काढला होता, उत्तर सचिन लिहिलं होतं, ती उठून उभी राहिली आणि तारखेसकट बोलली. मार्क तिला दिले, आणि तेव्हापासून माझ्या वहीतल्या प्रत्येक "पहिला"पुढे पुरुष की महिला हे लिहायला लागलो. असंच वर्ल्ड कपचं. महिलांचा पहिला १९७३ ला झाला, पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी.

६. बापू नाडकर्णींच्या लागोपाठ २१ मेडन, म्हणजे १२६ बॉल झाले. मग १३१ कुठून येतात?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजमाप वेगळं आहे. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. २१ मेडनचे, म्हणजे एकही रन न गेलेल्या ओव्हर्सचे, १२६ बॉल, आणि त्या २१ ओव्हर्सच्या आगेमागे ज्या ओव्हर्स होत्या त्यांच्यातले रन न निघालेले आणखी पाच, असे मिळून १३१ बॉल एकही रन नाही. त्या डावातले आकडे ३२ ओव्हर्स, २७ मेडन, ५ रन्स, विकेट नाही. शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण खूप जण विकेट्स चिकटवून पुढे पाठवतात.

ह्याच्याच जोडीला भाऊसाहेब निंबाळकरांबद्दलही विचारणा येते. १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. तेव्हाचा फर्स्ट क्लासचा विक्रम ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ चा होता, म्हणजे बरोबरी करायला नऊ हवे होते, आणि काठियावाडनी लंचला मॅचच सोडून दिली. क्रिकेटमधली ही एक नोंद वाचताना मला अजूनही मनापासून वाईट वाटतं.

७. एवढी करोडो पानं, आणि सर्च इंजिन क्षणात उत्तर देतं, ते कसं काय?

तुम्ही विचारल्यावर ते वेबवर शोधायला धावत नाही, शोधून आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं गोळा करतात, आणि मग पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी प्रचंड मोठी सूची बनवून ठेवतात. तुम्ही "नाडकर्णी मेडन" टाकलं की दोन शब्दांच्या दोन याद्या काढायच्या आणि दोन्हीत असलेली पानं निवडायची, मूळ काम एवढंच.

खरी कला आहे ती त्या पानांचा क्रम लावण्यात. कॅरन स्पार्क जोन्स ह्या इंग्लिश संशोधक बाईंनी १९७२ मध्ये मांडलं की जो शब्द थोड्याच ठिकाणी सापडतो त्याला जास्त वजन द्या, म्हणजे "आणि"ला जवळजवळ काहीच नाही आणि "नाडकर्णी"ला भरपूर. किती साधी गोष्ट, पण वेब जन्मायच्या कितीतरी आधी एका व्यक्तीला ती दिसली ह्याचं मला फार अप्रूप आहे. नंतर पेज आणि ब्रिन ह्यांनी स्टॅनफर्डला त्यात लिंकची भर घातली, ज्या पानाकडे चांगली पानं बोट दाखवतात ते पान चांगलं, आणि त्यातून १९९८ ला गूगल कंपनी उभी राहिली. आज ह्याच्यावर आणखी बरेच थर चढलेत, पण शब्दाचं वजन कळलं की तुमचं सर्च त्याच दिवशी सुधारतं, ते कसं ते पुढच्या उत्तरात.

८. शब्द बरोबर टाकतो तरी भलतंच येतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा शब्दाचे दोन अर्थ आड येतात. इंग्रजीत डक शोधा, बदकंही येतात आणि शून्यावर आउट झालेले बॅट्समनही, कारण शून्याचा आकार बदकाच्या अंड्यासारखा म्हणून क्रिकेटमध्ये तो शब्द आला. किंगफिशर टाकलं की पक्ष्याच्या आधी बिअर आणि विमानं. तेव्हा चार गोष्टी करा. एक, दुर्मिळ शब्द वापरा, पक्ष्यासाठी शास्त्रीय नाव सगळ्यात उत्तम, हॅल्सियन स्मर्नेन्सिस असं रोमन लिपीत टाकलंत तर बिअर येणारच नाही, फक्त आपला खंड्या येईल. दोन, जे शब्द जसेच्या तसे हवेत ते अवतरणचिन्हात टाका. तीन, नको त्या शब्दाआधी वजाबाकीचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता. चार, ठरावीक साइटवरच शोधायचं असेल तर इंग्रजीत साइट लिहून कोलन आणि लगेच तिचा पत्ता.

आणि क्रिकेटच्या आकड्यांसाठी साध्या सर्चपेक्षा क्रिकइन्फो ह्या क्रिकेटच्या साइटवरचं स्टॅट्सगुरू वापरा, तिथे किमान डाव, देश, वर्षं अशा अटी खरोखर लावता येतात (४ बघा). क्रिकइन्फो १९९३ चं आहे, गूगलपेक्षा पाच वर्षांनी मोठं.

९. मराठीत सर्च केलं की एवढं कमी का सापडतं?

मजकूर कमी आहे हे एक कारण झालं, पण तेवढंच नाही. मराठीत शब्द बदलत राहतो, पक्षी, पक्ष्याला, पक्ष्यांच्या, पक्ष्यांमध्ये, माणसाला हे एकच वाटतं पण मशीनला प्रत्यय सोलून मूळ शब्द काढावा लागतो आणि ते काम इंग्रजीपेक्षा मराठीत बरंच अवघड आहे. म्हणून एकदा "खंड्या" आणि एकदा "खंड्याचा" असं दोन्ही टाकून बघा.

दुसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. "दुसऱ्या"मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर अगदी सारखं, कॉम्प्युटरसाठी वेगळी अक्षरं. मोठी सर्च इंजिनं असे फरक बऱ्यापैकी सांभाळतात, पण उघडलेल्या पानात कंट्रोल-एफ केलंत तर समोर दिसणारा शब्दसुद्धा सापडत नाही असं होऊ शकतं. तसंच मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे. आणि युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले नंबर देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमधली जुनी पानं तर मशीनच्या दृष्टीनी मराठी नाहीतच, ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, त्यातलं चांगलं चांगलं लिखाण कोणाच्याच शोधात येत नाही, ह्याची मला खरंच खंत आहे.

१०. एआयला विचारलं तर चालेल का?

समजून घ्यायला चालेल, नोंद म्हणून नाही. ते मॉडेल एकापुढे एक संभाव्य शब्द मांडतं, त्यामुळे आकडा ठाम दिसतो आणि दोन मॅचेस एकमेकांत मिसळलेल्या असू शकतात. आकडा आला की स्कोअरकार्ड उघडून बघायचंच.

११. दोन साइटवर दोन उत्तरं मिळतात. कुठलं खरं मानू?

आधी दोन्ही पानांची तारीख बघा. फॉलोऑन मिळूनही, म्हणजे खूप मागे पडल्यामुळे लगेच परत बॅटिंगला यावं लागूनही, कसोटी कितीदा जिंकली गेली, ह्याचं उत्तर बरीच वर्षं तीन होतं, सिडनी १८९४, हेडिंग्ले १९८१ आणि कोलकाता २००१. फेब्रुवारी २०२३ ला वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडनी इंग्लंडला एका रननी हरवलं आणि उत्तर चार झालं, पण तीन लिहिलेली जुनी पानं अजून तशीच आहेत, आणि जुन्या पानांकडे लिंक जास्त असल्यामुळे ती वरही येतात. तसंच आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये टाइम्ड आउट, म्हणजे बॅटिंगला वेळेत तयार न झाल्यामुळे आउट, कोणीच नाही, हे उत्तर ६ नोव्हेंबर २०२३ पर्यंत बरोबर होतं, त्या दिवशी दिल्लीत अँजेलो मॅथ्यूज बांगलादेशविरुद्ध तसा आउट झाला. गूगलवर इंग्रजीत आफ्टर, कोलन आणि तारीख असं जोडलं की त्यानंतरचीच पानं येतात. तारखेनीही सुटलं नाही तर अट तपासा, ४ आणि ५ मध्ये सांगितलंय तशी.

१२. पक्ष्यांच्या फोटोसाठी किती एमएमची लेन्स लागते?

४०० पासून पुढे बरं पडतं. क्रॉप सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला लहान आकाराचा सेन्सर, असेल तर दीडपट जवळचं दृश्य मिळतं. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, चित्र मोठं करणारं भिंग, लावताना हिशोब ठेवा, १.४ चा एक स्टॉप उजेड खातो, म्हणजे उजेड निम्मा, आणि २ चा दोन. पण लेन्सपेक्षा जवळ जाणं महत्त्वाचं, खाली बसून, हळूहळू, पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. दुपारी तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून लांबचा फोटो काढलात तर हवाच थरथरत असते, तिथे कितीही चांगली लेन्स घ्या, पिसं धूसरच येणार.

१३. उडता पक्षी नेहमी हललेला येतो. सेटिंग काय ठेवू?

शटर १/२००० सेकंदापासून सुरू करा, छोट्या चपळ पक्ष्यांना आणखी वर, आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते सेटिंग, ऑटोवर सोडा आणि ग्रेनची, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाची, भीती बाळगू नका, ग्रेन नंतर कमी करता येतो, हललेला डोळा नीट करता येत नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं, धोबी असेल तर शेपटी हलतच असते म्हणून थोडं जास्त. सरावाला घार घ्या, मोठी आणि संथ. वेडा राघू मग जमतो, तो बऱ्याचदा माशी पकडून त्याच फांदीवर परत येतो, म्हणजे फांदीवर फोकस धरून वाट बघता येते.

१४. बगळ्याला एक्स्पोजर प्लस करायचं की मायनस? दोन्ही सल्ले मिळालेत.

दोन्ही बरोबर, फ्रेममध्ये बगळा किती आहे त्यावर आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणायला बघतं. बगळ्यानी फ्रेम भरली असेल तर ते पांढरा राखाडी करतं, म्हणून प्लस. बगळा छोटा आणि मागे गर्द झाडी असेल तर ते झाडी उजळवायला जातं आणि बगळा जळून पांढराफटक होतो, पिसाची एक रेघ उरत नाही, म्हणून मायनस. काळ्या कोतवाल पक्ष्याचं ह्याच्या उलट. आकाशासमोरचा कुठलाही पक्षी, प्लस. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा कॅमेऱ्यात दिसणारा आलेख, उजव्या भिंतीला आपटत नाही ना एवढं बघत राहा.

१५. शिंजीर समोर झगमगत होता, फोटोत कोळशासारखा काळा. असं का?

नराचा तो जांभळा-निळा रंग पिसातल्या रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो त्याचा आहे, आणि तो ठरावीक कोनातच तुमच्याकडे येतो. सूर्य पाठीमागे घ्या, आणि पक्षी मान वळवतो तेव्हा सलग फ्रेम्स घ्या, दहातल्या एका फ्रेममध्ये गळा पेटल्यासारखा दिसेल. एडिटिंगमध्ये तो रंग आणायचा प्रयत्न करू नका, फोटोत आलाच नाही तो तिथे नाहीच.

१६. सायलेंट मोडमध्ये पंख वाकडे आले. कॅमेरा बिघडला का?

नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीनी वाचला जातो, वरची ओळ आधी, खालची नंतर, तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. क्रिकेटच्या फोटोतही फटका मारताना बॅट केळ्यासारखी वाकलेली दिसते ती ह्यामुळेच. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटर लावा.

१७. घरट्याचा फोटो, किंवा आवाज लावून पक्षी बोलावणं, एकदाच केलं तर काय बिघडतं?

बिघडतं. तुमच्या मागे कावळा बघत असतो, तुम्ही जिथे थांबता ती जागा त्याला कळते. फोटो मोकळा यावा म्हणून एक फांदी बाजूला केली तरी पिल्लांवर थेट ऊन येतं. रेकॉर्डिंग लावलं की नराला वाटतं हद्दीत दुसरा आलाय, आणि खायचं, भरवायचं सोडून तो तिथे भांडायला येतो. "एकदाच" म्हणणारे दिवसाला दहा जण असतात. आणि घुबडाचा फोटो टाकताना त्यातलं जीपीएस काढून टाका, फाइलमध्ये जागा लपलेली असते आणि ती शोधून काढणं अजिबात अवघड नाही. ह्या बाबतीत मी कोणाशीही तडजोड करत नाही.

१८. लॉर्ड्सवर बॉल लागून चिमणी मेली, ती पेंढा भरून ठेवलीय म्हणतात. हे खरं आहे का?

खरं आहे. ३ जुलै १९३६, एमसीसी, म्हणजे लॉर्ड्सचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, विरुद्ध केंब्रिज युनिव्हर्सिटी, बॅटिंगला टॉम पिअर्स आणि बॉलिंगला जहांगीर खान. ती चिमणी बॉलवर बसवून लॉर्ड्सच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. मला ह्यातलं बॉलरचं नाव जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण हेच जहांगीर खान १९३२ ला लॉर्ड्सवरच भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत खेळले होते, आणि पुढे त्यांचा मुलगा माजिद खान पाकिस्तानकडून खेळला. शोधताना नुसतं जहांगीर खान टाकलंत तर स्क्वॉशचा खेळाडू येतो, तेव्हा इंग्रजीत नाव, चिमणी आणि १९३६ असे तीन शब्द टाका.

१९. एकाच फोटोला एक ॲप शिक्रा म्हणतं, दुसरं पावशा. आता?

ही जोडी भल्याभल्यांना चकवते, पावशा कोकीळकुळातला असूनही शिक्र्यासारखा दिसतो आणि तसाच उडतो. चोच बघा, शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी खाली वळलेली, पावशाची सरळसर. पाय बघा, शिक्र्याचे शिकाऱ्याचे, मजबूत नख्यांचे. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. आवाज ऐकला असेल तर शंकाच नको, "पेर्ते व्हा" म्हणणारा पावशाच. ॲपला फोटोसोबत महिना आणि जागा द्या, मर्लिन नावाचं पक्षी ओळखायचं ॲप त्यावरून यादी छोटी करतं. फोटोवरून दुसरा फोटो शोधणारं सर्च मात्र फक्त सारखं दिसणारं पुढे आणतं, आणि इथे तर दोघं सारखेच दिसतात.

तरीही ठरलं नाही तर ठरवू नका. २००२ पासून चालू असलेल्या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड साइटवर "हा किंवा तो" अशी नोंद करायची रीतसर सोय आहे, ती वापरा. माझ्याकडे पाठमोरा, अंधारातला, चोच पानाआड गेलेली असा एक फोटो आहे, त्याच्या फाइलचं नाव मी "शिक्रा किंवा पावशा" असंच ठेवलंय.